कपाटभर तेल

बदामाचं तेल मागितलं की दुकानदार विचारतो, "डोक्याला की दुधातून घ्यायला?" "साबणाला" म्हटलं की तो गल्ल्यावरच्या मालकाकडे बघतो, मालक माझ्याकडे बघतो, आणि मग दोघं मिळून सगळ्यात छोटी बाटली पुढे करतात. बहुधा काळजीपोटी.

खरं तर तेलं निवडणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. खोबरेलाला फेस रग्गड, पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी ओढून काढतो. ऑलिव्ह अंगाला मऊ, फेसाला कंजूष. एरंडेल 5-7 टक्के घातलं की फेस टिकतो, जास्त झालं की वडी चिकट. भानगड कॉस्टिक सोड्याची, तेलाचा साबण होतो तो त्याच्यामुळेच. 100 ग्रॅम खोबरेलाला तो 18 ग्रॅमच्या आसपास लागतो, तेवढ्याच ऑलिव्हला साडेतेराच. त्यामुळे "खोबरेल संपलं तर दुसरं ओत की" हा आमच्या सासूबाईंचा सल्ला खतखत्याच्या भाजीला लागू पडतो, साबणाला नाही. उरलेला सोडा थेट अंगावर येतो.

खरी परीक्षा तेल घरी आल्यावर सुरू होते. तेलाला उजेड नको, उष्णता नको, हवा नको. आणि राहायचं फोंड्यात! एप्रिलमध्ये इथे माणूससुद्धा खवट होतो. सूर्यफूल, द्राक्षाच्या बिया, रोझहिप (म्हणजे रानगुलाबाच्या बियांचं तेल) ही मंडळी तर जात्याच नाजूक. खवट तेलाचा साबण केला की महिन्याभरात वडीवर नारिंगी डाग उठतात. होहोबा तेवढं समजूतदार. ते मुळात तेल नसून पातळ मेण आहे, वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

सासूबाईंनी माळ्यावरून तांब्याची कळशी काढून दिली. तांब्याने तेल लवकर बिघडतं म्हटलं, तर म्हणाल्या, "तांब्यातलं पाणी पितेस ना सकाळी?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण सुनेकडे उत्तर असणं आणि ते देणं यांत फरक असतो.

तेलाला हवी तपकिरी काच. गोव्यात तपकिरी काचेला तोटा नाही. दीर बिअरच्या बाटल्या रिकाम्या करण्याच्या कामाला अशा निष्ठेने लागले, की माझ्या छंदाला घरातून मिळालेला मनापासूनचा पाठिंबा तेवढाच. पण तेल अर्ध्यावर आलं की बाटलीत हवा साठते, म्हणून ते छोट्या बाटलीत काढायचं. आणि छोटी तपकिरी बाटली म्हणजे खोकल्याच्या औषधाची. वरच्या खणात बिअर, खालच्या खणात खोकला. पंखा दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने स्क्रू ड्रायव्हर शोधताना चुकून ते कपाट उघडलं, हळूच लावलं आणि जाताना तब्येत विचारली, "बाय, भलायकी बरी मगो?"

फ्रीज हा उपाय सगळे सुचवतात. आमच्या फ्रीजमध्ये बांगड्यांचा, म्हणजे मासळीचा, डबा असतो. रोझहिपच्या ड्रॉपरमधून वास आत शिरतो की नाही, यावर घरात दोन तट आहेत. शिवाय तिथे खोबरेल दगड होतं नि ऑलिव्ह गढूळ. ते बाहेर काढलं की पुन्हा निवळतं, पण तोवर कुणीतरी "नासलं वाटतं" म्हणून मोरीत ओतायला निघालेलं असतं.

पावसाळ्याबद्दल न बोललेलं बरं. सोड्याचं झाकण क्षणभर उघडं राहिलं तरी तो हवेतलं पाणी पिऊन चिकट होतो आणि वड्यांना दरदरून घाम फुटतो.

मधल्या काळात मी मोठ्या हौसेने कोकम बटर मागवलं. पांढरेशुभ्र तुकडे, झिपची पिशवी, वर इंग्रजी लेबल. सासूबाईंनी चष्मा लावून ते वास घेऊन पाहिलं आणि आतल्या खोलीतून टाचांच्या भेगांना लावायचा आपला पिवळट गोळा आणून शेजारी ठेवला. "भिरंडेल," एवढंच म्हणाल्या. भिरंड म्हणजे कोकमच. किंमत त्यांनी विचारली नाही, मी सांगितली नाही. हवाबंद नाही, काळोखात नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो गोळा कधीचा आहे हे त्यांनाही आठवत नव्हतं, आणि वास मात्र ठीक!

खवट झालेल्या तेलाचं काय करायचं, हेही त्यांनीच ठरवलं. त्यामुळे हल्ली आमच्या तुळशीपुढे मिलीलिटरच्या भावाने घेतलेलं द्राक्षाच्या बियांचं तेल जळतं. त्यांना ते पसंत नाही. काजळी फार धरतं म्हणतात, तिळाचंच बरं होतं.