रवंथ ही शिवी नाही हो!

परवा इथे सोलापुरात एका सभेत वक्ते तावातावाने म्हणाले, "किती दिवस त्याच त्या गोष्टींचा रवंथ करणार?" टाळ्या पडल्या. मी मात्र खुर्चीत चुळबुळत बसलो. ज्याच्या मामाच्या दावणीला खिलार बैल होते, त्याच्या गळी हे वाक्य उतरत नाही.

मामा मंगळवेढ्याकडचा. रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन गोठ्यात जायचा. बैल बसून रवंथ करताना दिसले की निवांत झोपायचा. एकदा एका बैलानं ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलं नि पोट गच्च झालं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "रवंथ कधीपासून बंद आहे?" पहाटे त्याचा जबडा हलायला लागला, तेव्हा कुठे मामानं चहा घेतला.

गायीबैलांना वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात. वैरण जिभेनं ओढायची, अर्धवट चावायची, गिळून टाकायची. पोटाचे चार कप्पे. पहिल्यात ती जंतूंच्या मदतीनं आंबते. मग सावलीत बसून तोच घास पुन्हा तोंडात आणून 40-60 वेळा चघळायचा. दिवसाचे सात-आठ तास यातच जातात. लाळ तर रोज 100 लिटरच्याही वर सुटते आणि तीच पोटातलं आम्ल आटोक्यात ठेवते. म्हणजे पहिल्या वेळी अर्धं राहिलेलं काम पुरं करणं, याला रवंथ म्हणायचं. (आमची कडक भाकरी खाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.) तेच ते बोलणाऱ्यासाठी मराठीत दळण आहे, चऱ्हाट आहे, पालुपद आहे. त्या वक्त्यांचं भाषण पाऊण तास चाललं, त्यालाही यातला कुठलाही शब्द चालला असता.

शब्दही खानदानी आहे. संस्कृत 'रोमन्थ'. दोन स्वरांच्या मधला 'म' मराठीत येताना 'व' होतो: ग्रामाचं गाव, नामाचं नाव, कोमलचं कोवळं, आमलकाचा आवळा. तसाच रोमंथाचा रवंथ. 'रव म्हणजे आवाज, म्हणून रवंथ' असलं व्हॉट्सॲपवर फिरणारं काही मनावर घेऊ नका. पाणिनीनं तर 'रोमन्थायते' या क्रियापदासाठी सूत्रात जागा दिली. त्यावरच्या वार्तिकानं, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पुरवणी टिपेनं, वर अट घातली, की हनुवटी हलत असेल तरच हे रूप वापरायचं! व्याकरणकारही गोठ्यात डोकावून आलेले असणार. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात शिकार थांबवणारा दुष्यंत म्हणतो, हरणांचे कळप सावलीत खुशाल रवंथ करू देत. तिथं या शब्दाला स्वस्थतेचा वास आहे. मराठीत येता येता तो कुठे उडाला कोण जाणे.

बरं, आपल्याच गावात कान उघडे ठेवले तरी पुरे. अक्कलकोटकडचा माझा कानडी मित्र रवंथाला 'मेलुकु' म्हणतो, आणि शाळेच्या आठवणी निघाल्या की त्या आठवणींचाही मेलुकुच. पूर्व भागातल्या तेलुगू काकूंचा शब्द 'नेमरु'. त्यांच्या भाषेतही गाय जे करते तेच माणूस आठवणींचं करतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपण मात्र आठवणींना उजाळा देतो, पितळेची भांडी घासल्यासारखा.

काकू दुपारी पायरीवर बसून यंत्रमागाच्या खडखडाटातले जुने दिवस सांगतात. गेल्या आठवड्यात सासूची तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. या खेपेला तिच्यात सासूची बाजूही आली होती.