अंतर केंद्रापासून मोजा

‘अंतर दुप्पट झालं की ओढ पाव होते’ हे तुमच्या गुरुत्वाकर्षणावरच्या लेखातलं वाक्य बरोबर आहे. पण त्याखालचं उदाहरण, म्हणजे २०० किमी उंचीवरून ४०० किमीवर गेलं की गुरुत्वाकर्षण पाव होतं, ते साफ चुकलंय. नवशिके नेमके इथेच अडकतात, म्हणून कृपया दुरुस्त करा.

सूत्रातलं अंतर जमिनीपासून नाही, पृथ्वीच्या केंद्रापासून घ्यायचं. त्रिज्या ६३७१ किमी धरली तर ती दोन अंतरं ६५७१ आणि ६७७१ किमी होतात. पहिल्याला दुसऱ्याने भागा, वर्ग करा: सुमारे ०.९४. घट फक्त सहा टक्के! जमिनीवरच्या ओढीच्या पाव हवी असेल तर ६३७१ किमी उंच जावं लागेल. ४०० किमीवरच्या अंतराळ स्थानकातही गुरुत्वीय त्वरण (ओढीमुळे दर सेकंदाला वेगात होणारा बदल) ८.७ मी/से² आहे; अंतराळवीर तरंगतात ते स्थानकासकट सतत पडत असल्यामुळे.

मुलांना पटवायला न्यूटनने चंद्रावरून केलेली या नियमाची पडताळणी द्या, तीच सर्वात सुंदर. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या सुमारे ६० त्रिज्या दूर, म्हणून तिथलं त्वरण जमिनीवरचं ९.८ भागिले ६० चा वर्ग, म्हणजे ३६००, म्हणजे ०.००२७ मी/से². आता नियम बाजूला ठेवून फक्त कक्षेवरून काढा: अंतर ३,८४,४०० किमी, फेरी २७.३ दिवसांची, म्हणून वेग सेकंदाला सुमारे १.०२ किमी. वर्तुळात फिरणाऱ्याचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतर. पुन्हा ०.००२७! मात्र आधी दोन्हीकडे किलोमीटरचे मीटर करून घ्या, नाहीतर आकडा हजारपट लहान दिसतो.