कूलरच्या गावातला समुद्र

नागपूरच्या झिरो माईलच्या दगडापासून मुंबईचा समुद्र रेल्वेनं आठशेहून जास्त किलोमीटर. रात्रभर झोपून गेलं तेव्हा कुठे सकाळी खारट वारा लागतो. अशा गावात कुणी बैठकीत समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी मांडतो म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "काहून बाप्पा, फुटाळा तलाव काय वाईट आहे?" दुसरा स्वयंपाकघरातून येतो: "मीठच टाकायचं नं? मग पुडा आहे की घरात."

तो पुडा आहे तिथेच राहू द्यावा. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड, आणि वर ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या वर कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असा सगळा बारदाना असतो. म्हणून मत्स्यालयाचं मीठ वेगळं मिळतं. ते काय भावानं मिळतं, हे घरी सांगायची सक्ती नाही.

माझं मत असं, की या उद्योगाचं निम्मं शास्त्र नागपूरकराला शिकवावंच लागत नाही. ते त्याच्या खिडकीला टांगलेलं असतं. मे संपता संपता कूलरच्या ताटीवर जो पांढरा थर चढतो, तो कुठून येतो? पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बस, एवढंच. खाऱ्या टाकीत माणूस फसतो तो बहुतेक वेळा हे एक वाक्य विसरून.

पण आधी टाकी. नवखा माणूस "सुरुवात लहानीपासून" म्हणून टिफिनएवढी टाकी आणतो. लहान टाकी सोपी, हा गैरसमज आहे. पाणी जितकं कमी, तितकी ती लवकर बिघडते. २४ बाय १२ बाय १५ इंच हे मला बऱ्यापैकी किमान माप वाटतं. काठोकाठ भरली तर सत्तर लिटर, पण दगड-वाळू घालून वर दोन बोटं मोकळी सोडली की खरं पाणी पन्नासच्या आसपास उरतं. काच धरून वजन ऐंशी किलोच्या घरात जातं. टीव्हीखालचं प्लायवूडचं कपाट हे ओझं काही दिवस सहन करतं आणि मग एका बाजूनं वाकतं.

पाणी नळाचं चालत नाही. पेंच-कन्हान नद्यांचं पाणी आपल्यासाठी उत्तमच आहे, पण त्यातलं क्लोरीन माशाला आणि जिवाणूंना मारतं, आणि सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट जे काही असेल ते शेवाळाचं जेवण होतं. इथे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "आपल्याकडे आरओ आहे नं!" आहे, पण घरच्या आरओला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायची चावी दिलेली असते. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर बुडवा, साठ-सत्तर दाखवतो. आपल्याला लागतो शून्य, फार तर पाच. त्यासाठी आरओच्या मेम्ब्रेननंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा जोडावा लागतो.

मीठ लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पन्नास लिटरला पावणेदोन किलोच्या वर आणि दोनच्या आत. मीठ पाण्यात घालायचं. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी घट्ट झालेल्या द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट साकळतं आणि पाणी ताकासारखं होऊन बसतं. पहिल्यांदा रिकाम्या टाकीतच कालवलं तरी हरकत नाही. नंतरचं मात्र नेहमी बादलीत, लहान पंप लावून रात्रभर फिरवलेलं. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे घनता १.०२६ च्या जवळ. घनता मोजणारं काट्याचं स्वस्त हायड्रोमीटर काट्याला एक बुडबुडा चिकटला की बिनधास्त खोटं बोलतं. पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तोही ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

दगड थेट काचेवर ठेवायचे, वाळू नंतर. वाळूवर दगड रचले आणि उद्या कुणी खाली बीळ उकरलं, तर डोंगर काचेवर येतो. समुद्रातून उपसलेल्या प्रवाळाचा मोह मात्र टाळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली कठीण प्रवाळ संरक्षित आहेत आणि समुद्रघोडेही. दुकानदार "काही होत नाही भाऊ" म्हणतो, तेव्हा होणार ते त्याला नसतं. कोरडे सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचे पाच-सहा किलो पुरतात, आणि दोन-तीन सेंटिमीटर अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू.

यानंतर येतो तो खरा छळ: रिकामी टाकी. दिवा लागलेला, पाणी फिरतंय, दगड छान दिसताहेत आणि आत कुणी नाही. चार ते सहा आठवडे. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. ही दोन्ही बिऱ्हाडं दगडांत नांदायला लागेपर्यंत मासा सोडणं म्हणजे त्याला संडास नसलेल्या घरात कोंडणं. सुगंध न मिसळलेला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) थेंबाथेंबानं घालायचा आणि टेस्ट किटनं मोजत बसायचं. काही जण झिंग्याचा तुकडा सडवतात. उपाय चालतो, पण घर चालत नाही. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला, नायट्राइटही शून्य, की चक्र बसलं. मग साचलेल्या नायट्रेटसाठी निम्मं पाणी बदलायचं.

तोवर पाहुणे येतात. वाकून, डोळे बारीक करून बघतात. "लपले काय?" म्हणतात. आपण जिवाणूंबद्दल बोलायला लागतो आणि ते पोह्यांवर तर्री घ्यायला वळतात. दोन-तीन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी थर चढतो. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. सिलिकेट खातात, संपलं की आपणच जातात. घरचे मात्र तेवढ्यात ब्रश घेऊन उभे असतात.

आता मे महिना. बाहेर पंचेचाळीस अंश, टाकीला लागतात पंचवीस-सव्वीस. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घेणं परवडत नसेल तर काठावर तिरपा लावलेला एक लहान पंखा. तो पृष्ठभागावरचं पाणी उडवतो आणि टाकी दोन ते चार अंश उतरते. बंद खोलीत चाळीस असेल तर चार अंशांनी भागत नाही, तेव्हा खोलीही गार हवी. म्हणजे शेवटी कूलर माशासाठी लागतो आणि आपण त्याच्या हवेत बसतो. पण कूलरची हवा दमट, त्यामुळे पंख्याचा जोर थोडा ओसरतो. जुलैत तर पंखा आणि कूलर दोघंही सारखेच निकामी. घामाघूम नागपूरकर आणि तीस अंशांवर चढलेली टाकी एकमेकांकडे बघत बसतात. तेव्हा एसीच कामाचा. डिसेंबरात उलटं, पन्नास-शंभर वॅटचा हीटर.

पंख्याची किंमत पाण्यात मोजायची. मेमध्ये रोज दोन लिटर उडणं नवल नाही. पन्नास लिटरमध्ये साडेसतराशे ग्रॅम मीठ. चार दिवस दुर्लक्ष केलं की पाणी बेचाळीस लिटर, मीठ तेवढंच, म्हणजे खारेपणा ३५ वरून जवळपास ४२. इथे नवखा माणूस हमखास खारं पाणी वर ओततो. अरे, मीठ कुठे गेलंय? ताटीवर बघ! उडालं ते गोडं पाणी, भरायचं तेही गोडंच, काचेवरच्या खुणेपर्यंत, रोज. खारं पाणी फक्त आठवड्याच्या बदलीत, पाचेक लिटर. वायरींवरही पांढरं मीठ चढत जातं. म्हणून प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन न्यावी, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडतो.

वीज गेली की प्राणवायू आधी संपतो. बॅटरीचा एअरपंप ठेवावा. आणि महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून हाच एअरपंप बंद करावा, टाकी झाकावी. डास मारणारी औषधं मासे-कोळंबीवरही तितकीच चालतात.

मासा म्हणाल तर क्लाऊनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. निळा टँग मासा मागणाऱ्या पोट्ट्यांना सांगावं, तो फूटभर वाढतो, आपली टाकीच दोन फूट. क्लाऊनफिश सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. कोण कोण आहे हे नातेवाइकांना समजावत बसू नये. मुंबईहून रात्रभर पिशवीत आलेल्या माशाच्या पिशवीत मात्र सवय व्हावी म्हणून टाकीचं पाणी तासभर थेंब-थेंब सोडत बसू नका. पिशवीत कर्बवायूमुळे पीएच उतरलेला (म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं) असतो, म्हणून साचलेला अमोनिया तिथे फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. खारेपणा आधीच विचारून तसं पाणी तयार ठेवा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, मासा जाळीनं उचला, पिशवीचं पाणी फेकून द्या.

गावाला जाताना चावी शेजारच्या काकूंकडे. खाण्याच्या रोजच्या चिमटीच्या पुड्या, वार लिहून. गोड्या पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात "मीठ नको". काकू बाटल्या मोजतात. "रोज दोन लिटर? एवढं पाणी पितो काय तो मासा?" पितो, हे खरं आहे. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून समुद्री मासे पाणी पीतच राहतात. पण हे दोन लिटर पंख्याचे आहेत, काकू.