शेंडीसकट

पहाटे पावणेपाचला गजर होतो. गजराचं काही वाटत नाही. वाटतं ते पलंगावरून उजवा पाय जमिनीला टेकवायचं. टाचेखाली कुणीतरी खिळा उभा धरून बसलेलं असतं. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशायटिस म्हणतात. तळपायाखालची जाड पट्टी रात्रभर आखडून बसते आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणली जाते. "चार पावलं चाललात की बरं वाटेल," असं ते म्हणाले होते आणि ते खरं आहे. फक्त ती चार पावलं टाकताना मला भिंत, कपाटाची मूठ, दाराची कडी आणि एकदा झोपलेल्या नवऱ्याचं डोकं, इतक्या गोष्टींचा आधार घ्यावा लागला.

आणि ह्याच पायावर मी डिसेंबरात सिंहगड, राजगड आणि तोरणा असे तीन किल्ले एका दिवसात पार करणार आहे. एसआरटी. 53 किलोमीटर. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते, त्यापुढचं सगळं अल्ट्रा. माणूस दमला की थांबतो, ह्या समजुतीच्या विरोधात काढलेली ही शर्यत आहे.

नाव घातलं ती चूक होतीच, पण त्याहून मोठी चूक म्हणजे सांगितलं. बँकेत चहाच्या वेळी मी सहज म्हणून बोलून गेले. "त्रेपन्न?" आमच्या कॅशियरने विचारलं. "म्हणजे गाडीने ना?" दुपारपर्यंत ते पासिंग ऑफिसरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आठवडाभरात भाजीवालीलाही कळलं. आता ती मेथी निवडून देता देता विचारते, "झाली का तुमची शर्यत?" नाही म्हटलं की अशा चेहऱ्याने बघते, जशी मी चौथ्यांदा दहावीला बसले आहे.

माझा एक कोच आहे. तो फोनमध्ये राहतो आणि दर रविवारी रात्री एक तक्ता पाठवतो. तक्त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे झोन टू. म्हणजे हृदयाचे ठोके एका मर्यादेच्या वर जाऊ न देता सावकाश पळायचं, बोलता बोलता पळता आलं पाहिजे इतकं सावकाश. माझी मर्यादा 135. मी बूट बांधायला वाकले तरी 120 होतात. त्यामुळे कालव्याकडेच्या रस्त्याने मी झोन टूमध्ये पळते तेव्हा ते पळणं आहे, हे फक्त मला आणि कोचला माहीत असतं. एकदा ऑगस्टातसुद्धा कानाला मफलर गुंडाळलेले एक आजोबा मागून आले, माझ्या बरोबरीने काही पावलं चालले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "आजारपणातून उठलात का?" मी नाही म्हटलं. बोलता बोलता पळता येत होतं, त्यामुळे सगळं समजावूनही सांगितलं. माझं सांगून व्हायच्या आत ते पुढे निघून गेले.

मनगटावर मुलाने एक घड्याळ चढवून दिलंय. ते झोप मोजतं, ठोके मोजतं आणि पळून आलं की निकाल सांगतं. माझा निकाल तीन आठवडे एकच होता: अनप्रॉडक्टिव्ह. मी सहकारी बँकेत वसुली विभागात आहे. आमच्याकडे व्याज किंवा हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे अनुत्पादक. नव्वद दिवस! तोवर आम्ही फोन करतो, घरी जातो, चहासुद्धा पितो त्या माणसाकडे. मला ह्या घड्याळाने एकवीस दिवसांत अनुत्पादक ठरवलं, तेही साधी नोटीस न देता. त्या दिवसापासून थकबाकीदारांशी बोलताना माझा आवाज जरा खाली आलाय, असं साहेबांचं निरीक्षण आहे.

सिंहगडावर मी दर रविवारी जाते, आतकरवाडीच्या वाटेने. तिथे रविवारी सकाळी निम्मं पुणं चढत असतं. चढताना माझ्या मनात विचार एकच असतो: हे सगळे लोक वर भजी खायला चाललेत, मग मी का मागे पडतेय? जुलैतली गोष्ट. पाऊस, धुकं, दगडांवर हिरवंगार शेवाळ. मी नवे, महागाचे, तळाला दात असलेले बूट घालून उतरत होते. दुकानातल्या मुलाने हे बूट कशावरच घसरत नाहीत असं सांगितलं होतं. खरं निघालं. बूट जागेवरच होते, त्यांच्या वरची मी घसरले. आधी बसले, मग बसल्या बसल्या आठ-दहा फूट खाली आले आणि करवंदीच्या जाळीत थांबले.

खालून दह्याची मडकी घेऊन एक मावशी येत होत्या. डोक्यावर पाटी, पाटीत मडकी, त्यावर ओलं फडकं, पायात साधी रबरी चप्पल. त्या थांबल्या, म्हणजे मान न हलवता पायांनी थांबल्या.

"लागलं का?"

"नाही मावशी."

"मग उठ की."

मी उठले. त्यांनी माझे बूट न्याहाळले. "पळत होतीस?"

"हो. शर्यत आहे."

"कुणाशी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतेय. मावशी वाट बघत थांबल्या नाहीत. धुक्यात मडक्यांचा किणकिणाट तेवढा वर वर जात राहिला.

आता एक शास्त्रीय गोष्ट सांगते, कारण ती कळेपर्यंत मी पुष्कळ भोगलंय. लोकांना वाटतं चढ मारतो. चढ फक्त दमवतो, मारतो तो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू एकीकडे लांबत असतात आणि त्याच वेळी शरीराचा भार रोखून धरायला जोरही लावत असतात. त्यात त्यांचे बारीक तंतू दुखावतात. आणि हे दुखणं मोठं सभ्य. लगेच येत नाही. रविवारी गड उतरावा, सोमवारी आपण ठणठणीत आहोत असं चार जणांना सांगावं आणि मंगळवारी ते घरी यावं. आमची बँक पहिल्या मजल्यावर आहे. एका मंगळवारी मला जिना सरळ उतरताच येईना. मग मी कठडा धरून, फायली छातीशी कवटाळून, पाठमोरी उतरले. वॉचमन उठून उभा राहिला. त्याला वाटलं वर साहेब आहेत आणि मी त्यांना पाठ न दाखवता निघालेय.

मांडी मोकळी करायला फोम रोलर नावाची एक वस्तू मिळते. किंमत बघून मी पोळपाटाकडे गेले. लाटण्यानेही तेच काम होतं, फक्त सासूबाईंनी ते पाहता कामा नये. त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात नवं लाटणं होतं आणि जुन्याच्या मुठीला लाल दोरा बांधलेला होता.

हे सगळं बाहेरून दिसणारं. रात्री अडीचला दिसतं ते वेगळंच. अडीच ही माझी हिशेबाची वेळ. ताशी चार किलोमीटरने 53 किलोमीटर म्हणजे सव्वातेरा तास. पण राजगडाच्या चढावर ताशी चार कुठून आणणार, तिथे दोन धर. मग उरलेल्या अंतरात पाच लागतील. पाच माझे सपाट रस्त्यावर होतात, तेही मफलरवाले आजोबा पुढे असले तर. म्हणजे वेळेत काही बसत नाही. पुन्हा पहिल्यापासून. वसुलीत इतकी वर्षं काढल्यावर न जुळणारा हिशेब मला लांबून ओळखू येतो. हा तसलाच. कर्जदाराने असा कागद आणून दिला असता तर मी त्याला चहाही विचारला नसता. मग मनात येतं, चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणी सांगितलं होतं? शेजारची माझ्याच वयाची बाई भिशी लावते, सुखी आहे.

दिवसा मी माझी समजूत घालते. पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरच्या शर्यतींत धावलेले फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले आणि मॅरेथॉनमध्ये 19वे आले. त्यांच्या मनगटावर अनप्रॉडक्टिव्ह म्हणणारं काही नव्हतं. मी जिमखान्यावरून बसने जाताना त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. बसने, कारण टाच.

दिवाळीच्या आसपास मला वजनाचं वेड लागलं. माझ्या नव्हे, सामानाच्या. अल्ट्रावाले ग्रॅमवर जगतात. मी 140 ग्रॅमचं एक पावसाळी जॅकेट घेतलं. प्रत्येक ग्रॅमला काय पडलं ते नवऱ्याने काढून दाखवलं आणि तो आकडा मी इथे देणार नाही. मग चकलीच्या भाजणीचा वजनकाटा घेऊन मी सगळं मोजत बसले. टॉर्च, शिट्टी, पट्टी, ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचे चार तुकडे. चिक्कीचा कागद काढून सहा ग्रॅम वाचवले. सासूबाई शेजारी चकल्या पाडत होत्या. मी मोजता मोजता दोन खाल्ल्या, मग तिसरी. "ह्या कुठे धरायच्या?" त्यांनी विचारलं. "पिशवीत की आत?"

नोव्हेंबरात आम्ही पाच जण राजगड ते तोरणा वाट बघून यायला गेलो. संजीवनी माचीवरून उतरून डोंगराच्या धारेवरून जायचं, दोन्ही बाजूंना दरी, आणि समोर तोरण्याची बुधला माची. ती सकाळपासून समोर दिसते. नऊला दिसते, अकराला दिसते, साडेबाराला तेवढीच लांब दिसते. ऊन चढलं, पाणी संपत आलं, बाकीचे चौघे पुढे ठिपके झाले. टाचेने तोंड उघडलं. शेवटी जिथे वर चढून तोरण्याच्या अंगावर यायचं, तिथे एक बुरूज आहे. रडतोंडीचा बुरूज. मी त्याच्यापाशी बसले आणि नावाला जागले. खरंच रडले. कुणी बघत नव्हतं, नाहीतर मधाच्या पोळ्याचं काहीतरी निमित्त सांगितलं असतं. हे नाव पाडणारा माणूस माझ्याआधी कधीतरी इथेच बसला असणार, अशी माझी खात्री आहे. बहुधा त्याचीही टाच.

त्याच संध्याकाळी मी घरी जाहीर केलं. नाव मागे घेते. पैसे बुडाले तर बुडाले. भाजीवालीला सांगेन की शर्यत झाली. नवरा म्हणाला, "तुला योग्य वाटेल तसं." लग्नाच्या एकवीस वर्षांत ह्या वाक्याचा अर्थ मला एकदाही लागलेला नाही. मुलगा घड्याळात डोकं घालून म्हणाला, "आई, आजचं प्रॉडक्टिव्ह दाखवतंय." ह्या घड्याळाला माणसाचं रडणं कसं मोजायचं ते बरोबर कळतं.

सासूबाई देवघरात वाती वळत होत्या. त्यांचं माहेर वेल्ह्याजवळचं, तोरण्याच्या पायथ्याचं. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "तोरण्याला वर कुठून येणार होतीस? आमच्या वेल्ह्याकडून?"

"नाही आई. राजगडाकडून बुधल्यावर. उतरायचं वेल्ह्यात."

"म्हणजे मेंगाईच्या देवळावरूनच जाणार."

"हो, वाटेतच आहे. पण मी जात नाहीये, आत्ताच सांगितलं ना."

"मी नवस बोललेय."

मला वाटलं माझ्या शर्यतीसाठी. मन एकदम भरून आलं. तर त्या म्हणाल्या, "तुझ्या टाचेसाठी. रोज पहाटे भिंत धरून चालतेस, कपाटाचा आवाज होतो, मला जाग येते. म्हटलं आई मेंगाई, हिची टाच बरी कर, नारळ देईन."

"पण आई, टाच बरी कुठे झालीये?"

"होईल की. नारळ आधी पोचला म्हणून काय बिघडतं? माझे गुडघे गेले, मी आता चढत नाही. लहानपणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चढायचे. आता तू चाललीसच आहेस त्या बाजूला, तर घेऊन जा."

त्या बाजूला! मंडईतून कोथिंबीर आणायला सांगावं, तसं. मी सिंहगड मांडला, राजगड मांडला, मधली धार, रडतोंडी, 53 किलोमीटर, सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून नारळ आणला.

मी तो भाजणीच्या काट्यावर ठेवला. 560 ग्रॅम. ज्या पिशवीतून मी चिक्कीचा सहा ग्रॅमचा कागद बाहेर काढला होता, त्या पिशवीत. मी म्हटलं, निदान सोलून, शेंडी काढून नेते, थोडं हलकं होईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवीला पुठ्ठ्याचा नारळ द्यायचं म्हटलंय.

आता तो पिशवीच्या छातीवरच्या डाव्या खिशात बसतो, जिथे दुसरी पाण्याची बाटली असायला हवी. शेंडी बाहेर राहते आणि पळताना हनुवटीला लागते. काल कालव्याच्या रस्त्याने तसं पळून पाहिलं. मफलरवाले आजोबा समोरून येत होते. त्यांनी हात जोडले.

घरी आल्यावर सासूबाईंनी नारळ कानाशी हलवून पाणी आहे ना ते बघितलं आणि पुन्हा खिशात नीट बसवला.

"पडलीस तर उजवीकडे पड," त्या म्हणाल्या.