स्वखर्चाने खलाशी

कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये शिडाची बोट आठवडाभर भाड्याने मिळते. बोट तेवढी मिळते, चालवणारा नाही. तो हवा असेल तर त्याचा रोज वेगळा आणि जेवणखाण आपल्याकडे. हे ऐकल्याबरोबर आमच्या ह्यांनी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर कोर्स करून शिडं हाकता येत असल्याचा कागद मिळवला. हे मूळचे खरोखरच अलिबागचे. ‘समुद्र रक्तात आहे आमच्या,’ असं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगतात. रक्तातला हा समुद्र मांडवा ते गेटवे एवढाच, तोही लाँचमध्ये बसून वेफर्स खात पार केलेला, हे मला माहीत. बोट देणाऱ्यांना कुठून माहीत असणार?

दोन सांगाड्यांची कॅटमरान सरळ चालते, पण तिचं भाडं बघून ह्यांना साक्षात्कार झाला की खरी मजा एकाच सांगाड्याच्या बोटीत. ती वाऱ्याबरोबर कलते. डिसेंबरअखेर इथे पूर्वेकडून ‘ख्रिसमस विंड्स’ सुटतात. २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. टॉर्टोला बेटावरून निघून सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलमध्ये शिरलो आणि कलणं म्हणजे काय ते कळलं. मी खाली चहा टाकला होता. बोटीतली शेगडी दोन बाजूंच्या खिळ्यांवर झुलती टांगलेली असते. बोट कितीही कलू दे, शेगडी आपली समपातळीत. पातेलं शांत, चहा शांत, आणि चहा करणारी कमरेला पट्टा अडकवून भिंतीवर पाय देऊन उभी. गाळणं हातात होतं, कप समोरच्या भिंतीला गेला होता. वरून आवाज आला, ‘अगं, आलं घातलंस ना?’

आलं मी आधीच वाटून टाकलं होतं, वड्यांच्या रूपात. सोबतचे भावजी ती आलेपाकाची वडी दाढेत धरून क्षितिजाकडे बघत बसले होते. मळमळलं की क्षितिजाकडे बघावं म्हणतात. त्यांनी पहिले दोन दिवस दुसरं काहीच बघितलं नाही.

१४९३ साली कोलंबस इथे आला आणि ही असंख्य बेटं बघून त्याला संत उर्सुला आणि तिच्या अकरा हजार कुमारिका आठवल्या, म्हणून बेटांचं नाव व्हर्जिन. दंतकथेत त्या सगळ्या जणी जहाजांतून निघाल्या होत्या. मला पहिला प्रश्न पडला तो त्यांच्या संडासाचा. आमच्याकडे चौघांत एक होता, हातपंपाचा. खटका एकीकडे केला की समुद्राचं पाणी आत, दुसरीकडे केला की सगळं बाहेर. मधे वीसेक वेळा दांडा मारायचा. दारावर पाटी होती: जे आधी खाल्लेलं नाही ते यात टाकू नये, कागदसुद्धा नाही. पंपाचा आवाज बोटभर घुमतो, त्यामुळे कोण कधी उठलं आणि काम किती अवघड गेलं, हे सकाळी कोणाला विचारावं लागत नाही. वहिनींनी पहिल्या रात्री मोबाईलवर अभंग लावून पंप मारला. दुसऱ्या रात्रीपासून तोही संकोच गेला.

पण खरं प्रकरण संध्याकाळचं. रात्री बोट बांधायला खाडीत मोठे चेंडू तरंगत असतात. त्यातले काही सकाळी बरोबर सात वाजता ॲपवर आरक्षित करायचे. म्हणजे हे अंगठा रोखून पावणेसातपासून तत्काळच्या तिकिटाला बसल्यासारखे बसत, आणि सात वाजून काही सेकंदांनी ‘गेले!’ म्हणत. मग दुपारीच पोहोचून बिनआरक्षित चेंडूसाठी धावाधाव. चेंडूला दोर असतो, दोराला फास. मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पालथी पडून लांब आकडीने तो फास उचलायचा, त्यातून आपला दोर ओवायचा आणि दोन्ही टोकं बोटीला बांधायची. हे मागे सुकाणूवर. चेंडू नाळेखाली आला की त्यांना तो दिसत नाही, आणि मी बोललेलं वाऱ्यात ऐकू जात नाही. म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. मी डावीकडे हात केला, ह्यांनी उजवीकडे घेतलं.

‘अहो, डावीकडे!’

‘तुझ्या का माझ्या?’

‘दोघांचं तोंड एकाच दिशेला आहे हो!’

तेवढ्यात वारा आला, बोट मागे सरकली, आकडी फासात आणि मी आकडीत. एक तर आकडी सोडायची, नाहीतर बोट. मी आकडी सोडली. ती शांतपणे शेजारच्या बोटीकडे वाहत गेली. तिथे एक गोरं कुटुंब पेले घेऊन बसलं होतं. त्यांनी ती उचलून दिली आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्या खाडीत यावेळी दुसरा उद्योग नसतो. जो तो नव्याने येणाऱ्या जोडप्याची वाट बघत असतो.

व्हर्जिन गोर्डा बेटावर ‘बाथ्स’ म्हणून घराएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळा आहेत, मधे पाण्याची कुंडं. फार सुंदर. पण तिथे छोटी होडी किनाऱ्याला लावू देत नाहीत, दोरीला बांधून पोहत जायचं, आणि बोटीला मुदत दीड तासाची. आमचा अर्धा तास भावजींना पाण्यात उतरवण्यात गेला. पुढे ॲनेगाडा. हे बेट प्रवाळाचं, अगदी सपाट. सगळ्यात उंच जागा साडेआठ मीटर. त्यामुळे जवळ जाईपर्यंत बेट दिसतच नाही, समुद्रातून नुसते माडांचे शेंडे वर येतात. पुढे खडकांची रांग, जिने शेकडो जहाजं खाल्ली आहेत. हे सबंध रस्ताभर बोलले नाहीत, म्हणून तो प्रवास मला आवडला. तिथला लॉब्स्टर खायचा तर दुपारी चारच्या आत रेडिओवर सांगावा लागतो. सांगितला. मग वहिनींच्या लक्षात आलं की आज मार्गशीर्षातला गुरुवार.

शेवटी योस्ट व्हॅन डाइक बेट. चेंडू चक्क पहिल्या फटक्यात मिळाला आणि तो बघायला आसपास एकही बोट नव्हती, याचं ह्यांना फार वाईट वाटलं. तिथलं प्रसिद्ध पेय म्हणजे रम, अननस, संत्रं, नारळाचं गोड क्रीम आणि वर किसलेलं जायफळ. जायफळ आहे म्हटल्यावर वहिनींनी ते घरचंच मानलं. पेले घेऊन आम्ही डेकवर टेकतो तोच एक बोट आत आली. पुढे बाई पालथी, हातात आकडी. मागे नवरा, डोक्यावर कॅप्टनची टोपी. बाईने डावीकडे हात केला, बोट उजवीकडे गेली.

‘वाऱ्यावर घ्यायला हवं होतं त्याने,’ हे म्हणाले आणि पाय लांब केले. भावजी प्रथमच क्षितिज सोडून दुसरीकडे बघत होते. वहिनींनी शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली. आणि मी उठून कठड्याशी जाऊन, वाऱ्याच्या वर आवाज काढून, शुद्ध मराठीत ओरडले, ‘अगं बाई, आकडी सोड! आकडी सोड, आम्ही देतो उचलून!’

तिने सोडली.