न हसणाऱ्याला गच्चीवर जागा नाही का?

रात्रीचा दीड वाजलाय. डोकं इतकं फिरलंय की लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

कोजागिरीचं निमित्त करून आमच्या सोसायटीच्या गच्चीवर 'पडोसन' हा जुना हिंदी सिनेमा लावला होता. मसाला दूध, भेळ, चटया, सगळं छान जमून आलं होतं. 'एक चतुर नार' सुरू झालं आणि लोकांनी गच्ची डोक्यावर घेतली. मीसुद्धा हसत होते. का नाही हसणार? खिडकीत नुसते ओठ हलवणारा सुनील दत्त, त्याच्यामागे लपून गाणारा किशोर कुमार, आणि समोरच्या खिडकीत सायरा बानूच्या बाजूने त्वेषाने भिडलेले मेहमूदचे मास्टर पिल्ले, म्हणजे तमिळ ढंगात हिंदी बोलणारे तिचे गाण्याचे मास्तर. हे गाणं मी आजही कितीही वेळा बघेन.

तिसऱ्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहतं. त्यांची मुलगी कॉलेजात आहे, जन्म इथलाच, मराठी आपल्यासारखंच बोलते. ती शेजारणीला हळूच म्हणाली, "आमच्या बोलण्याची अशी नक्कल केली की मला नाही हसू येत." एवढंच. त्यावर चारजण तुटून पडले. "विनोद आहे गं तो!" "तुमच्या पिढीला सगळंच टोचतं!" आणि ज्यांना मी समंजस समजत होते असे एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "हसायचं नसेल तर खाली जाऊन बस." ती उठून गेली. तिची आई कसनुसं हसत तिथेच बसून राहिली. ते हसू मी ओळखते.

माझं लहानपण माटुंग्यातलं. आमच्या मजल्यावर एक मामी राहायच्या, तंजावरकडच्या. माझी ताई त्यांच्याकडे गाणं शिकायची. टीव्ही बिल्डिंगमध्ये एकाच घरी, त्यामुळे रविवारच्या सिनेमाला सगळा मजला तिथे. एका रविवारी हाच सिनेमा लागला. किशोरच्या माकडचेष्टांना मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेवढ्यात आमच्या एका काकांनी मोठ्याने म्हटलं, "मामी, बघा, तुमचाच माणूस!" सगळी खोली मामींकडे वळली. त्या हसल्याच, पण ते हसू वेगळं होतं. आज गच्चीवर तेच पाहिलं.

आता कुणी म्हणेल की मेहमूदने ते काम प्रेमाने केलंय, द्वेषाने नाही. असेल. आणि त्या सिनेमात भोळसट नायकापासून नाटकमंडळीतल्या सगळ्यांचीच टिंगल आहे, हेही मान्य. पण सिनेमा आला १९६८ साली. तेव्हाची मुंबई आठवते ना? दाक्षिणात्यांविरुद्धच्या 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' या घोषणेचे दिवस. उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड पडत होते, रस्त्यात 'यंडुगुंडू' म्हणून लोकांना चिडवलं जात होतं. त्या शहरात थिएटरच्या अंधारात बसलेल्या तमिळ माणसाला मास्टर पिल्लेंची शेंडी आणि उच्चार बघताना काय वाटलं असेल, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला? आपण हसलो आणि घरी गेलो. आपल्याला ते सोपं होतं, कारण पडद्यावरचा 'तो' आपला कुणी नव्हता.

मामी त्या दिवशी नंतर ताईला जे म्हणाल्या ते ताईने मला सांगितलं, आणि तेव्हापासून मी हे गाणं वेगळ्याच कानांनी ऐकते. उच्चारांबद्दल, शेंडीबद्दल त्यांची तक्रारच नव्हती. त्या म्हणाल्या, "सूर तर त्याचाच खरा होता. मग हरला कसा?"

खरंच, कसा? नीट ऐका एकदा. पिल्ले शिकलेला गवई आहे. समोरचा लबाडी करतोय, स्वतः गातच नाहीये, आणि मागून गाणारा मध्येच भलतीकडे उडी मारून पिल्लेला भरकटवतोय. पिल्लेचा आवाज मन्ना डेंचा. याच मन्ना डेंना १९५६ च्या 'बसंत बहार'मध्ये प्रत्यक्ष भीमसेन जोशींसमोर गाऊन जिंकायचं होतं, आणि त्या कल्पनेनेच ते धास्तावले होते. बारा वर्षांनी त्यांच्या वाट्याला किशोरसमोर हरणं आलं, आणि शास्त्रीय गाणं शिकलेल्या त्या माणसाला हा पराभव गाणं जड गेलं, असं सांगतात. तरी काय जीव ओतून गायलेत! किशोर अफाट आहेच, त्यात वादच नाही. पण त्याची धमाल रंगते कारण पलीकडचा माणूस पक्का सुरात उभा आहे. संगीतकार राहुलदेव बर्मनलाही ते पुरतं ठाऊक असणार.

मामींना हे एका बघण्यात दिसलं. आणि आपण त्यांना काय दिलं? "तुमचाच माणूस."

एवढं सगळं बोलायची त्या मुलीची इच्छासुद्धा नव्हती. ती एक वाक्य बोलली, तेही कुजबुजत. तिने सिनेमा बंद करा म्हटलं नाही, प्रोजेक्टरची वायर ओढली नाही. मग आपल्याला एवढं झोंबलं काय? आपलं हसू इतकं कच्चं आहे का, की शेजारचा एकजण गप्प बसला की त्याला तडा जावा?

सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच मेसेज आलाय, 'पुढच्या वेळी वादाचे सिनेमे नकोत.' म्हणजे पुन्हा खापर त्या पोरीवरच! अजिबात नाही. 'पडोसन'च लावा. मी स्वतः वर्गणी देईन. फक्त गाणं संपल्यावर पोरांना सांगा की तो हरलेला आवाज 'घन घन माला नभी दाटल्या' गाणाऱ्या माणसाचा आहे. आणि कुणी हसलं नाही, तर त्याला तिथेच, आपल्या शेजारी, चटईवर बसू द्या.