‘फ्लॉपीच बाद होती’ या आक्षेपाविषयी

महोदय, सप्रेम नमस्कार.

आर्वीजवळच्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) कचेरीतून आणलेल्या जुन्या ४८६ संगणकावर एमएस-डॉस ६.२२ ही कार्यप्रणाली बसवण्याच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. दुसऱ्या फ्लॉपीला ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए’ असा संदेश आला, तेव्हा ती बाद समजून स्कॅनडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा डॉसचा प्रोग्राम) चालवायचे सोडून मी दोन दिवस फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह साफ करण्यात घालवले, हा पहिला. आणि ८५० एमबीच्या हार्डडिस्कचे ५०४ एमबीच दिसतात म्हणून तिचा उरलेला भाग ‘मेला’ हे माझे विधान निराधार होते, हा दुसरा. दुसरा मला मान्य आहे, पहिला नाही.

१९९४ ची ही डॉस तीन फ्लॉप्यांवर येत असे. फ्लॉपीचा पृष्ठभाग खराब असेल, तर गाडी दरवेळी त्याच सेक्टरवर (डिस्कवरच्या त्याच छोट्या कप्प्यावर) अडते. माझ्याकडे मात्र ती एकदा वीस टक्क्यांवर अडली, एकदा साठावर, आणि कधी ‘रीट्राय’ दाबताच मुकाट्याने पुढे गेली. पुढे पहिली आणि तिसरी फ्लॉपीही तसेच करू लागली. तिन्ही फ्लॉप्या एकाच दिवशी बाद होण्यापेक्षा त्या वाचणारे हेड मळलेले असणे अधिक संभवनीय होते. झाकण काढले तेव्हा दोन्ही हेडांवर कापसाचा तंतू आणि धूळ यांचा थर होता, आणि हेड सरकवणाऱ्या स्क्रूवरचे ग्रीस वाळून घट्ट झाले होते. (कापसाने बिघडवलेले कापसाच्याच बोळ्याने पुसायला मी निघालो होतो, मग तंतू न सोडणारे कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले.)

अशा मळक्या ड्राइव्हवर स्कॅनडिस्कने पृष्ठभाग तपासून दुरुस्ती केली असती, तर न वाचता आलेले चांगले क्लस्टरही (सेक्टरांचे गट) ‘खराब’ म्हणून फॅटमध्ये, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या डिस्कवरच्या नोंदवहीत, नोंदले गेले असते, आणि तेही माझ्याकडच्या एकमेव मूळ संचावर. त्यात आमच्या फीडरवरची वीज न सांगता जाते. फॅट लिहिली जात असताना ती गेली, तर फ्लॉपीवरच्या फायलींचा पत्ताच हरवू शकतो. म्हणून मी आधी तिन्ही फ्लॉप्यांची कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडून लेखनबंदी केली होती. सफाईनंतरही दुसरी फ्लॉपी एका ठरावीक जागी दोनदा अडून मगच पुढे सरकली, हे कबूल करतो. तेवढ्यापुरता आपला संशय बरोबर होता, म्हणून लगेच डॉसच्या ‘डिस्ककॉपी’ आज्ञेने तिची नक्कल करून ठेवली.

हार्डडिस्कच्या बाबतीत चूक सर्वस्वी माझी. ८५० एमबीची डिस्क ५०४ एमबीच दिसते, याचे कारण जुन्या बायोसची (संगणक सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या मूळ प्रोग्रामची) मर्यादा: १०२४ सिलिंडर (डिस्कवरची वर्तुळे), १६ हेड आणि ६३ सेक्टर, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, यांचा गुणाकार म्हणजे एकूण ५२,८४,८२,३०४ बाइट (एक एमबी १०,४८,५७६ बाइटचा धरला, तर ५०४ एमबी). तीच डिस्क एलबीए (सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची पद्धत) जाणणाऱ्या दुसऱ्या संगणकाला जोडली, तेव्हा ती पूर्ण दिसली. ‘मेला’ हा शब्द मी मूळ लेखातून काढून टाकला असून त्या जागी ही आकडेमोड दिली आहे.